दोन इंच कमी

दुकानाचा नियम असा होता, की कमरेचं माप मोठ्याने सांगायचं ते दोन इंच कमी सांगायचं आणि वही लिहिणाऱ्याने ते दोन इंच गुपचूप मिळवून लिहायचं. बाही, खांदा, उंची ही मापं खरीच सांगितली जात, कारण तिथे कुणाची अब्रू अडकलेली नसते. बाबा टेप गुंडाळून “अडतीस” म्हणायचे, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेली त्यांची मुलगी निमूटपणे चाळीस लिहायची, आणि गिऱ्हाईक आरशापुढे जरा ताठ उभं राहायचं. पँट बरोबर बसायची. अडतीसची पँट आपल्याला बसते कशी, हे सदतीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने विचारलं नाही.

गिऱ्हाइकं बाबांना मास्तर म्हणायची आणि बाबा तिला रीळ म्हणायचे. लहानपणी ती दोरा संपलेल्या रिळासारखी होती, नुसती काडी. पुढे रिळावर दोरा चढला. चढतच गेला. आता तिला एकोणचाळीसावं लागलं होतं, वजन एकशे नऊ किलो होतं, साखर वाढलेली होती, गुडघे दुकानाच्या तीन पायऱ्यांवर कुरकुर करत होते. बाबांना जाऊन चौदा महिने झाले होते. दुकान तीच चालवत होती. पण बाबांची कटिंगच्या टेबलामागची खुर्ची रिकामी ठेवून ती अजून त्या स्टुलावरच बसायची. स्टूल तक्रार करायचं. ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

सोमवारी ती वजन उतरवायच्या ऑपरेशनचं विचारायला दवाखान्यात गेली. नर्सने फॉर्म भरताना विचारलं, “कंबर?”

“चव्वेचाळीस,” रीळ सवयीने म्हणाली.

नर्सने तिच्याकडे एकदा पाहिलं, टेप लावला आणि खोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “सेहेचाळीस.” या बाईला आपल्या दुकानात एक दिवससुद्धा ठेवून घेतलं नसतं, असं रिळीच्या मनात आलं.

सर्जन शांत माणूस होता. जठराचा मोठा भाग काढून टाकायचा, केळ्याएवढी नळी उरते, हे त्याने कागदावर काढून दाखवलं. मग त्याने जोखमीचं पत्रक पुढे सरकवलं. दोन्ही बाजूंनी बारीक अक्षरात छापलेलं होतं.

“दोन वर्षांनी तुम्ही मला फुलं पाठवाल,” तो म्हणाला. “पाच वर्षांनी थोडं वजन परत येईल, तेव्हा पाठवणार नाही. दहा वर्षांनी, गोळ्या नेमाने घेत असाल तर रस्त्यात ओळख द्याल. नसाल घेत, तर माझ्याच बाकावर येऊन बसाल.”

“आणि साखर?”

“बहुतेक जाईल. पुढे कधीतरी परत येऊही शकेल. पण मधली वर्षं तुमची.”

“टेबलावरच काही झालं तर?”

“हजारात एखाद्याला होतं. तो एखादा तुम्ही नसाल असं मी सांगू शकत नाही.”

रिळीने पत्रक उलटसुलट करून पाहिलं. “आणि केलंच नाही तर काय काय होईल, ते यात कुठे आहे?”

“न करण्याचेही धोके असतात,” सर्जन म्हणाला. “त्याचं पत्रक कुणी छापलेलं नाही, म्हणून ते कुणी वाचत नाही.”

पुढच्या गुरुवारची एक जागा रिकामी झाली होती. तिला हवी असेल तर शनिवारी दुपारी बारापर्यंत कळवायचं. कागदावर घरच्या एका माणसाची सही लागणार होती. घरचं माणूस म्हणजे आई. दुसरं होतंच कोण.

आई दुकानात काज-बटणं करायची. लेकीने सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “बघ बाई,” आणि सुईत दोरा ओवायला लागली. दोरा ओवलेलाच होता.

त्या ‘बघ बाई’चा अर्थ लावण्यात रिळीचा मंगळवारचा अर्धा दिवस गेला. त्यात हो नव्हतं, नाही नव्हतं, आणि धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी गत होती. मावशीचं तसं नव्हतं. मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, समोरच्याच इमारतीत राहायची. ती स्वतः सुईसारखी बारीक होती आणि सुईसारखीच कुठेही घुसायची.

“एक घाव दोन तुकडे,” मावशी म्हणाली. “माझं पोट असतं ना, तर मी कालच देऊन आले असते.”

“तुला पोटच नाही, मावशी.”

“म्हणून तर निःपक्षपातीपणे सांगतेय.”

आई काज करत राहिली.

मावशी गेल्यावर रिळीने कपाट उघडलं. कपाटात तेवीस वह्या होत्या. डॉक्टरांचे आकडे कुठल्या कुठल्या अनोळखी माणसांचे होते. इथे ओळखीच्या माणसांच्या कमरा होत्या, वर्षानुवर्षांच्या, खऱ्या आकड्यांत. बाबा वहीत नावं लिहीत नसत, धंदा लिहीत. नाव डोक्यातून जातं, धंदा माणसाच्या अंगावर दिसतो, असं त्यांचं म्हणणं. तिने एकेक वही चाळली. वयाबरोबर कमरा वाढतात तशा सगळ्यांच्या वाढत होत्या, अर्धा इंच, एक इंच. दोनच माणसं अशी होती की त्यांच्या आकड्यांनी मध्येच विहिरीत उडी मारली होती. ‘बसचालक’ : पन्नास, पन्नास, एक्कावन्न, छत्तीस. ‘भूगोलाच्या बाई’ : सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस, एकतीस. दोघांच्या आकड्यांशेजारी बाबांनी पेन्सिलीने एक इवलीशी कात्री काढली होती. तिसरी कात्री ‘बेकरीवाला’ याच्या पुढे होती, पण ती खोडलेली होती.

धंद्यांशेजारी लिहिलेल्या नंबरांवर तिने तिघांना फोन केले. दुकानाला चाळीस वर्षं झाली, त्या निमित्ताने जुन्या गिऱ्हाइकांना कपडे फुकट अल्टर करून देतोय, असं सांगितलं.

“सदतीस झालीत,” आई मागून म्हणाली.

“दोन-तीन इकडेतिकडे.”

“बापाचीच तू.”

सरळ विचारता आलं असतं. पण बाबा सांगायचे, टेप कमरेला असताना माणूस खोटं बोलत नाही. बोललाच, तर आधी पोट आत ओढतो, म्हणजे लगेच कळतं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यासारखंच होतं हे, पण भांडं लपवण्यात बाबांनी तिला चांगलं तयार केलं होतं.

बसचालक मंगळवारी संध्याकाळीच आला. हातात दोन खाकी पँट, एक सैल, एक तंग. “कुठली अल्टर करायची?” रिळीने विचारलं.

“वर्ष बघून ठरवा,” तो म्हणाला. “मी भरती-ओहोटीसारखा आहे.”

तिने टेप लावला. चाळीस. “अडतीस,” ती म्हणाली. बसचालक खूश झाला आणि तिने लगेच सूर मारला. “काका, त्या ऑपरेशनला किती वर्षं झाली हो?”

“अकरा.” पोट आत गेलं नाही. “एक्कावन्नवरून छत्तीस. आधी स्टिअरिंग पोटात रुतायचं, बाई. वळण घेतलं की बस आणि मी दोघं कण्हायचो. साखर तर गेलीच एकदम. नऊ वर्षं नव्हती. मग डॉक्टर म्हणाले, थोडी डोकावतेय.”

“म्हणजे सगळं पाण्यात?”

“पाण्यात कसं? नऊ वर्षं काय थोडी असतात? त्या नऊ वर्षांत मी दोन नातवंडांना सायकल शिकवली, मागे पळून. मागे पळून, कळलं का. बसून नाही.”

“आणि वाईट काय?”

बसचालकाने विचार केला. “पंगतीत सगळ्यांच्या आधी माझं होतं. मग लोक जेवतात आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघतो. एकदा पुतण्याच्या लग्नात हट्टाने वाटीभर आईस्क्रीम खाल्लं. घाम, थरथर, डोळ्यांपुढे काजवे. नवऱ्या मुलाच्या खुर्चीत आडवा झालो. फोटोत मीच आहे सगळीकडे.” तो हसला. “पण परत करायचं म्हटलं तर उद्या करीन. एक सांगतो. करा नाहीतर नका करू, आजचं माप तारीख टाकून लिहून ठेवा. नंतर मन फार थापा मारतं.”

“मी कुठे करतेय,” रीळ म्हणाली.

“बरं,” बसचालक म्हणाला. “मास्तरही हेच म्हणाले होते. त्यांनीही अस्संच विचारलं होतं. टेप कमरेला, तोंडात टाचण्या.”

रिळीच्या हातातून टेप सुटून सरसर गोल होत टेबलाखाली गेला.

बुधवारी भूगोलाच्या बाई आल्या. त्यांनी चार स्कर्ट आणले होते, कारण फुकट म्हटल्यावर एक आणणं त्यांना अपमानास्पद वाटत होतं. त्यांची कंबर आता तेहेतीस होती. रिळीने एकतीस सांगितली. बाईंनी मान हलवली.

“तेहेतीस आहे. मला माहीत आहे. मास्तर दोन कमी सांगायचे, हे मी तिसऱ्या वर्षीच ताडलं होतं.”

“मग बोलला नाहीत?”

“कशाला? गोड वाटायचं.” बाईंनी चष्मा पुसला. “विचार काय विचारायचंय ते. चाळीस वर्षांचं दुकान म्हणे. सदतीस आहेत, मी पहिल्या वर्षीची गिऱ्हाईक आहे.”

रिळीने विचारलं. बाईंनी धडा शिकवावा तसं सांगितलं. चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. पहिली दोन वर्षं त्या रस्त्यात दिसेल त्या आरशात बघत चालायच्या, दुकानांच्या काचा, गाड्यांच्या काचा. गुडघे गप्प झाले. शाळेचे तीन मजले दमाने चढायच्या त्या दम न लागता चढायला लागल्या. मग वाटलं, आपण बऱ्या झालो. जीवनसत्त्वांच्या गोळ्या बंद केल्या. चार वर्षं.

“पाय झिणझिणायला लागले. केस मूठ मूठ. हाडं तपासली तर डॉक्टर म्हणाले, ही सत्तरीची हाडं आहेत, तुमची कुठे आहेत? माझीच होती ती. तेव्हा माझं सत्तावन्न चालू होतं. आता घेते गोळ्या. पायाची झिणझिण थोडी राहिली ती राहिलीच.” त्यांनी दंडाची सैल कातडी दोन बोटांत धरून दाखवली. “आणि हे. जन्मभर पोरांना डोंगर-दऱ्या शिकवल्या, आता अंगावर घेऊनच फिरते.”

“पस्तावा होतो?”

“गोळ्या सोडल्याचा होतो. ऑपरेशनचा नाही.” बाईंनी दंडाची कातडी सोडून दिली. “मला काय वाटायचं, की पोट कापलं की माझ्यातली ती खा-खा करणारी बाईही कापली जाईल. ती नाही गेली. ती घरातच आहे, फक्त तिची खोली लहान झाली. तिच्याशी रोज बोलावं लागतं.”

रिळीने चार स्कर्टांच्या घड्या घातल्या. तिचा पुढचा प्रश्न बाईंनीच ओळखला.

“हो, मास्तरांनी विचारलं होतं. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा मी म्हटलं, मास्तर, तुम्ही परीक्षेला बसणार आहात, की नुसताच अभ्यास करणार?”

“मग?”

“म्हणाले, बाई, अभ्यास पक्का हवा. आणि माझ्या स्कर्टला शिवणीच्या आत जादा कापड, चांगली रुंद माया सोडली. म्हणाले, वाढलात तर उसवू, घटलात तर आवळू. इतका सावध माणूस मी बघितला नाही.”

गुरुवारी बेकरीवाला आला तो काठी टेकत, पण तोंडभर हसत. त्याची खोडलेली कात्री अशी, की बारा वर्षांपूर्वी तो ऑपरेशनच्या सकाळी दवाखान्यातून पळाला होता.

“तो झगा घालायला देतात ना,” तो म्हणाला, “मागून सताड उघडा. मी म्हटलं, ज्यांना साधा झगा नीट शिवता येत नाही, ते माझं पोट काय शिवणार? तसाच निघालो. दोन चौक मी तसाच चाललो, पोरी. पाठीमागून सगळं गाव हसत होतं. मला वाटलं, सुटलो म्हणून माझ्या आनंदात सहभागी झालेत.”

“आणि मग?”

“मग काय. औषधं घेतली, इंजेक्शनं घेतली. उतरलं. सोडली, चढलं. एक गुडघा नवीन बसवला, दुसरा रांगेत उभा आहे. साखरेने एक डोळा धूसर झालाय.” तो दुसऱ्या डोळ्याने हसला. “पण जिवंत आहे. केलं असतं तर नसतो, असं मी सगळ्यांना सांगतो. केलं असतं तर जास्त जिवंत असतो का, हे फक्त आंघोळ करताना मनात येतं. मास्तर मात्र माझ्यावर फार खूश झाले होते.”

“का?”

“त्यांचीपण तारीख त्याच आठवड्यात होती ना. माझं ऐकून हातावर टाळी दिली. म्हणाले, चला, एक तरी सोबती मिळाला.”

रिळीने त्याची कंबर मोजली. त्रेपन्न भरली. तिने आकडा सांगायच्या आधी बेकरीवालाच म्हणाला, “एक्कावन्न, हो ना? मास्तर असते तर एक्कावन्न म्हणाले असते.”

“एक्कावन्न,” रीळ म्हणाली.

शुक्रवारी दुपारी दुकानात कुणी नव्हतं. आई काचेच्या बरणीतली बटणं रंगांप्रमाणे वेगळी करत होती, जे काम ती फक्त बोलायचं नसताना करायची.

“आई, बाबांनी तारीख घेतली होती?”

“तीन.” आईने एक पांढरं बटण पांढऱ्यांत टाकलं. “पहिल्या वेळी शाळा उघडायच्या होत्या, तीनशे गणवेश पडले होते. दुसऱ्या वेळी तो बेकरीवाला पळाला, त्याच्यामागोमाग हेही. तिसऱ्या वेळी म्हणाले, अजून एका गिऱ्हाइकाला विचारून बघतो.”

“तू काय म्हणालीस?”

“मी जा म्हणाले नाही. नको म्हणाले नाही. काज करत बसले.” आईने बरणी हलवली. “जा म्हणावं आणि काही झालं, तर? नको म्हणावं आणि काही झालं, तर? मला वाटलं, गप्प बसलं की कुणाचाच दोष नाही.”

आयुष्यभर दुसऱ्यांचं कापड बेधडक कापणारा माणूस स्वतःच्या बाबतीत नुसती मापं घेत राहिला, ही गोष्ट बाबांना स्वतःला सांगता आली असती तर ते पोट धरून हसले असते. पोटही तेवढं होतं. ती गोष्ट सांगायला ते नव्हते. जिना चढता चढता ते मधल्या वळणावर बसले होते, जरा दम खातो म्हणाले होते, आणि तिथेच संपले होते.

आई चहा करायला आत गेली, तेव्हा तिने तेविसावी वही काढली आणि शेवटून उघडली. शेवटच्या पानावर धंदा लिहिला होता : ‘शिंपी’. खाली तारखा, आणि त्यांच्यापुढे कमरेचे आकडे, बाबांच्या टोकदार अक्षरात. आधीच्या वह्यांतले आकडेही त्यांनी इथे उतरवून घेतले होते. अठ्ठेचाळीस. एकोणपन्नास. पन्नास. एक्कावन्न. एक्कावन्न. मग साडेएक्कावन्न, आणि शेवटपर्यंत, तीन वर्षं, साडेएक्कावन्नच. सगळ्यांत वर, अकरा वर्षांपूर्वीच्या तारखेने, एक ओळ होती.

‘बावन्न झाली की करायचं. मग कारण सांगायचं नाही.’

तिने ती ओळ चारदा वाचली. म्हणजे बाबांनी ठरवलं होतं. स्वतःपुरती एक रेघ मारून ठेवली होती, आणि अर्धा इंच अलीकडे उभे राहून वाट बघितली होती. अर्धा इंच. तिला राग यावा की रडू, हे ठरेना, म्हणून तिने वही मिटली आणि आईने आणलेला चहा बिनसाखरेचा आहे अशी तक्रार केली. तो रोजच बिनसाखरेचा असायचा.

शनिवारी सकाळी दहा वाजता तिचं अजून काही ठरलेलं नव्हतं. मावशी दोनदा डोकावून घड्याळ दाखवून गेली होती. रीळ तेविसावी वही मांडीवर घेऊन स्टुलावर बसली होती. एका पारड्यात नऊ वर्षं आणि दोन सायकली, दुसऱ्यात झिणझिणते पाय. एकीकडे हजारातला एखादा, दुसरीकडे जिन्याचं वळण. काटा काही थांबत नव्हता.

“ऊठ,” आई म्हणाली. तिच्या हातात टेप होता. “तो बसचालक म्हणाला होता ना, आजचं माप लिहून ठेव म्हणून. कर नाहीतर नको करू.”

“तू घेणार?”

“तुझ्या बापाचं कोण घ्यायचं? स्वतःची कंबर स्वतःला नीट मोजता येत नाही. वीस वर्षं मीच घेत होते.”

रीळ उठली, ‘शिंपी’समोरच्या कोऱ्या पानावर वही टेबलावर उघडी ठेवून हात वर करून उभी राहिली. आईने टेप फिरवला, डोळे बारीक केले आणि म्हणाली, “चव्वेचाळीस.”

रिळीने पेन्सिल टेकवली. चारवर चार लिहिले. मग तिचा हात थांबला.

“आई, सोमवारी नर्सने सेहेचाळीस मोजली.”

“असेल.”

“मग तू चव्वेचाळीस कशी सांगतेस?”

“अगं, दोन कमीच सांगायचं ना?” आईला प्रश्नच कळला नाही. “दुकानाची रीत आहे. तू मिळव की लिहिताना.”

“बाबांनाही कमीच सांगायचीस?”

“मग? ते काय कमी हळवे होते? मोठ्याने त्रेपन्न म्हटलं असतं तर जेवले नसते दोन दिवस. आणि नियम त्यांचाच. लिहिताना मिळवत असतीलच की.”

रिळीने वहीकडे पाहिलं. बाबांनी मिळवलं नव्हतं. घरचं माणूस खरंच सांगणार, असं त्यांनी धरलं होतं. घरच्या माणसाने धरलं होतं, की शिंपी आपला नियम विसरणार नाही. साडेएक्कावन्न म्हणजे साडेत्रेपन्न होते. तिची नजर आकड्यांवरून मागे मागे गेली. पन्नास. त्या पन्नासापुढची तारीख नऊ वर्षांपूर्वीची होती. त्या दिवशी बाबांची रेघ ओलांडून झाली होती आणि याच खोलीत, याच टेपने, कुणीतरी मायेने ती त्यांच्यापासून लपवली होती.

“काय झालं?” आई म्हणाली. “असा चेहरा का केलास?”

रिळीने वही हळूच स्वतःकडे वळवली. आईला सांगण्यासारखं त्यात अर्धंच होतं.

“काही नाही. बाबांच्या पँटची बटणं का उडायची, ते आत्ता कळलं.”

“का?”

“ते मिळवतच नव्हते. तू सांगशील तेच लिहायचे आणि तेवढीच शिवायचे.”

आई टेप हातात धरून तशीच उभी राहिली. मग तिच्या खांद्यापासून हसू सुरू झालं. “म्हणजे वीस वर्षं... अगं, त्या बटणवाल्याला किती शिव्या घातल्या त्यांनी. तीनदा बदलला. दोरा बदलला. एकदा बटण उडून त्या आरशाला लागलं, तो टवका अजून आहे. मला म्हणायचे, जगातल्या सगळ्यांच्या पँटी मी शिवतो आणि माझीच कशी मला बसत नाही.” ती हसता हसता स्टुलावर बसली, पदराचं टोक हाताशी येईना म्हणून टेपच डोळ्यांना लावला. “वेडे होते. मी खरं सांगतेय असं वाटायचं त्यांना?”

“तू घरचं माणूस ना.”

हसणं थांबायला वेळ लागला. थांबल्यावरही आईने टेप डोळ्यांवरून काढला नाही. आरशातल्या टवक्याकडे बघत रीळ उभी राहिली. साडेदहा झाले.

“उभी राहा नीट,” आई शेवटी म्हणाली. ती उठली, टेप पुन्हा फिरवला, या वेळी चष्मा लावून. “सेहेचाळीस. आणि वर अर्धा.”

“नर्सने सेहेचाळीसच म्हटली.”

“नर्सला कुठे येतं मोजायला.” आईने टेप सोडला नाही. टेपची दोन्ही टोकं तिच्या मुठीत होती. “आणि ऐक. जा तू. त्यांना मी म्हणाले नव्हते, तुला म्हणते. काही झालं तर दोष माझा, मी सही करते आहे. गोळ्या चुकवल्यास तर या टेपाने बडवीन.”

रिळीने चव्वेचाळीस खोडून साडेसेहेचाळीस लिहिलं, पुढे तारीख टाकली. मग तिने दवाखान्यात फोन लावला आणि बाराच्या आत, एका वाक्यात, गुरुवार नक्की केला. पलीकडे तीच नर्स होती. तिने “बरं” हा शब्दसुद्धा खोलीभर ऐकू जाईल असा उच्चारला.

“अजून एखाद्या गिऱ्हाइकाला विचारून बघायचं होतं का?” आई म्हणाली, आणि आपलंच बोलणं ऐकून परत हसली.

“नको.”

आई ही बातमी मावशीला सांगायला निघाली. मावशी दारातच उभी होती, त्यामुळे फार लांब जावं लागलं नाही. दोघी पायरीवर बोलत उभ्या राहिल्या. तेवढ्यात रिळीने तेवीस नंबरची वही मशीनखाली सरकवली, ‘शिंपी’ लिहिलेलं पान पुठ्ठ्याला चिकटवून धरलं, आणि पायाने मशीन चालू केलं. तीन कडांनी जाड दोऱ्याची शिवण घातली. आता ते पान वाचायचं तर आधी उसवावं लागलं असतं.

“काय शिवतेस गं?” आईने बाहेरून विचारलं.

“वहीचं शेवटचं पान सुटत होतं.”

“दुहेरी टीप मार. एकेरी टिकत नाही.”

रिळीने वही फिरवली आणि त्याच शिवणीवरून पुन्हा एकदा मशीन चालवलं.